गोटाबाईला वाहिलेला नमुना

बोडीटोल्यात दुधरामला सगळे 'आकड्यावाला' म्हणत. टोल्यातून चौथीपर्यंत शिकलेले दोघेच होते, आणि त्यातला दुसरा केव्हाच गोंदियाला जाऊन तिकडचाच होऊन बसला होता. त्यामुळे गाडीची वेळ, कोर्टाची तारीख, लग्नाच्या कागदावरचा मुहूर्त, जे काही वाचायचं ते दुधरामच्या ओसरीवर येई. अक्षरांपाशी तो अडखळायचा; आकडे मात्र त्याला पाण्यासारखे येत. आणि लिहायचा तर असे, की दोरी लावून केलेली धानाची रोवणीच वाटावी.

टोला दरेकसा स्टेशनापासून दोन कोसांवर, डोंगराच्या पायथ्याशी होता. घरं वीस-बावीस. दुधरामची दोन एकर धानाची बांधी बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाण्यावर पिकायची. धान कापून, चुरून-मळून झालं की होळीपर्यंत हाताला काम नसे. मग माणसं डोंगरापलीकडच्या खाणीवर रेल्वेची गिट्टी फोडायला जात. दुधरामही जाई. गोटा हातात आला तर तो फोडायचा, याहून त्याचा गोट्याशी जास्त संबंध नव्हता.

१९५५ सालच्या डिसेंबरात बोडीकाठच्या मोहाच्या झाडांखाली तीन तंबू लागले. जमिनीच्या पोटातलं पाहणाऱ्या सरकारी खात्याचे एक साहेब आले होते. वय सव्वीस-सत्तावीस, अंगाने किडकिडीत, चष्म्याला मागून दोरी बांधलेली. बरोबर गोंदियाचा भैय्यालाल नावाचा स्वयंपाकी. साहेबांना डोंगरातून गोटे वाहून आणायला एक माणूस हवा होता.

"गोटे आनाले मानूस?" दुधरामचा शेजारी मनिराम म्हणाला, "सरकारच्या घरचे गोटे सरले वाटते!"

लोक हसले. पण दुधराम गेला. साहेबांनी विचारलं, "लिहिता येतं?"

"आकडे येते जी."

साहेबांनी कागद पुढे केला. दुधरामने एकपासून वीसपर्यंत लिहून दाखवलं. साहेब कागदाकडे बघतच राहिले. "माझ्यापेक्षा बरे काढतोस रे," ते म्हणाले, आणि दुधराम कामाला लागला.

काम पहिल्या आठवड्यात त्याला वेडेपणाचं वाटलं. सकाळी भाकर खाऊन निघायचं ते नाल्यानाल्याने चढायचं, कारण नाल्यात जमिनीची कातडी निघालेली असते आणि हाडं दिसतात, असं साहेब म्हणत. खडक दिसला की हातोडीने फोडायचा. वरचा भाग ऊन-पावसाने मळलेला. आतला ताजा तुकडा हवा. तो जिभेने ओला करायचा, डोळ्याला भिंग लावून बघायचा. मग होकायंत्र खडकाला टेकवून थर कुठल्या बाजूला किती कलला ते मोजायचं, पावलं मोजून अंतर काढायचं, नकाशावर टिंब टाकायचं आणि वहीत लिहायचं. शेवटी मुठीएवढा तुकडा घेऊन त्यावर नंबराची चिठ्ठी ठेवायची, रद्दी कागदात गुंडाळून सुतळीने बांधायचा आणि दुधरामच्या कावडीत टाकायचा. संध्याकाळी तंबूशी दुधराम तो तुकडा धुई, वाळवी, त्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका देई आणि ठिपक्यावर काळ्या शाईने नंबर काढी. मग धानाच्या तणसात बसवून गोटे खोक्यात भरायचे. हंगामाच्या शेवटी खोकी नागपूरला जायची. तिथे गोट्याचे कागदाएवढे पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघत.

एकदा न राहवून त्याने विचारलं, "जी, एवढे गोटे पाहून तुमाले काय भेटते?"

साहेब एका लालसर, कठीण खडकावर बसले होते. म्हणाले, "मला वाटतं, हे डोंगर आगीतून आलेत. इथे ज्वालामुखी होता. जमीन फाटून राख आणि तापलेला रस बाहेर पडत होता."

"कधी जी?"

"माणूस नव्हता तेव्हा."

"मंग पाहलं कोनं?"

साहेब मोठ्याने हसले. "तेच तर मोठे साहेब मला विचारतात!"

मग त्यांनी समजावून सांगितलं. नागपूरच्या मोठ्या साहेबांचं म्हणणं असं, की हा लाल खडक जमिनीच्या पोटातच निवून घट्ट झाला. वरची माती धुऊन गेली म्हणून तो आज दिसतो. तो कधी उघड्या हवेत आला नाही, त्याने कधी राख उडवली नाही. धाकट्या साहेबांना हे पटत नव्हतं. पण पटत नाही म्हणून भागत नाही, दाखवावं लागतं. आणि संपूर्ण नकाशाला कुठला रंग द्यायचा ते त्यावर अवलंबून होतं.

जानेवारीच्या मध्यावर ते दाखवण्यासारखं सापडलं, तेही गिट्टीच्या खाणीच्या एका कडेला. तिथे खडकाचे थर वहीच्या पानांसारखे पातळ होते. साहेब तासभर एकाच जागी बसले. मग त्यांनी छिन्नी लावून तळहाताच्या दीडपट रुंद अशी एक फरशी काढली आणि हाक मारली, "दुधराम, इकडे ये. हे बघ."

फरशीच्या कापलेल्या बाजूवर पातळ रेघा सरळ चालल्या होत्या. मधोमध लिंबाएवढा एक गोळा होता, आणि त्याच्याखालच्या रेघा खाली दबल्या होत्या.

"ओल्या बांधीत वरून कवठ पडलं तर चिखल कसा दबेल?"

"असाच दबन जी."

"मग हा गोळा कुठून पडला?"

दुधराम वर बघू लागला. साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "बरोबर! वरून. राखेचा थर मऊ होता आणि आकाशातून दगड येऊन पडला. जमिनीच्या पोटात आकाश असतं का? मोठ्या साहेबांना आता काय बोलायचं ते बोलू दे!" त्यांनी वहीत फरशीचं चित्र काढलं, पट्टीने मोजलं, पान भरून लिहिलं. चिठ्ठीवर आकडा टाकला, एकशे बारा. मोठ्या साहेबांना लगोलग पत्र लिहिलं आणि ते टपालात टाकायला स्वतः स्टेशनाकडे निघाले. जाता जाता म्हणाले, "कावड घेऊन तू पुढे हो. एकशे बारा आजच्या खोक्यात भर आणि खिळे ठोक. ते खोकं आता मोठ्या साहेबांपुढेच उघडायचं."

दुधराम घाटाकडे निघाला.

त्या घाटात, अर्ध्या वाटेवर, एका सालईच्या झाडाखाली गोट्यांचा कमरेएवढा ढीग होता. त्याला गोटाबाई म्हणत. घाट उतरणाऱ्याने माथ्यावरून एक गोटा उचलून आणायचा आणि ढिगावर ठेवायचा. बाजूला पडलेला उचलायचा नाही, तो दुसऱ्याचा. आणि ठेवलेला कधीच काढायचा नाही. गोटा न वाहता पुढे गेलं तर गोटाबाई घरातलं काहीतरी ठेवून घेते, असं मानत. दुधरामची बायको शामकला हिची दोन बाळंतपणं वाया गेली होती. दुसऱ्या वेळी दुधराम भर पावसात घाट उतरला होता आणि रिकाम्या हाताने ढिगापुढून गेला होता. त्यावर सुईण देवकाबाई तोंडावर म्हणाली होती, "गोटा वाह्यला नाईस, मंग पोर कायले मांगतेस?"

त्या दुपारी तो माथ्यावर पोहोचतो तोच मनिराम धापा टाकत समोर आला. "चाल लवकर! शामकलाच्या पोटात दुखून राहिलं. मी देवकाबाईले आनाले जातो, तू घरी पोहोच."

बाळंतपणाला अजून महिना बाकी होता. दुधराम कावडीसकट धावत सुटला. सालईपाशी येऊन थबकला. माथ्यावरून गोटा उचलायचा राहिला होता.

परत चढायचं तर अर्धा तास. खांद्यावर मणभर ओझं. त्याने आजूबाजूला बघितलं. तिथले सगळे गोटे दुसऱ्यांचे. माथ्यावरून आणलेले गोटे फक्त त्याच्या कावडीत होते.

त्याने कावड खाली ठेवली. एखादा लहानसा तुकडा काढता आला असता. पण देवाला चिपा कोणी देत नाही. त्यातला सगळ्यात चांगला कुठला, ते साहेबांच्या चेहऱ्याने आजच सांगितलं होतं. आणि त्याला खरंच वाटलं, की साहेबांचं त्या गोट्याशी आता काम उरलं नाही. पाहून झालं, मोजून झालं, चित्र निघालं, पत्र गेलं. आता खोक्यात पडून तो काय करणार? त्याने सुतळी सोडली, फरशी दोन्ही हातांनी ढिगावर ठेवली, हात जोडले, आणि कागद-चिठ्ठी कनवटीला खोचून धावला.

तरी त्याच्या मनात कुठेतरी होतं. नसतं, तर टोल्याच्या नाल्यातून जाताना तो वाकला नसता. लालसर रंगाचा, तेवढ्याच वजनाचा एक गोटा त्याने पाण्यातून उचलला आणि कागदात गुंडाळला.

शामकलाला पहाटे मुलगी झाली. बारीक, पण रडणारी. देवकाबाईने तिला सुपात घालून बाहेर आणलं आणि म्हणाली, "घे. हे राह्यची हाय." मुलीचं नाव धुरपता ठेवलं.

सकाळी दुधराम तंबूशी गेला. साहेब अंघोळीला गेले होते. त्याने नाल्यातला गोटा पुसला, पांढरा ठिपका दिला, आणि आपल्या सुरेख वळणाने त्यावर एकशे बारा लिहिलं. तणसात बसवून खिळे ठोकले. आकडा सरळ आला. मुलगी झाल्याचं कळल्यावर साहेबांनी भैय्यालालकडून सगळ्या टोल्यात गूळ वाटला.

मोठे साहेब मार्चच्या मध्यावर आले. भारदस्त माणूस, केस पांढरे, आवाज कमी. ते मोहाखाली खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "दाखवा तुमचा आकाशातून पडलेला दगड."

दुधरामनेच खिळे उपटले. धाकट्या साहेबांनी तणस बाजूला केली, एकशे बारा काढला, आणि त्यांचा हात हवेतच राहिला.

मोठ्या साहेबांनी गोटा घेतला. भिंगसुद्धा काढलं नाही. "हा नाल्यातला गोटा आहे. कडा बघा, पाण्याने घासून गोल झाल्यात. हा तुम्ही छिन्नीने काढलात? मग हत्याराचा एक घाव तरी दाखवा."

"हा तो नाही सर. नंबर... काहीतरी गोंधळ झालाय."

सगळी खोकी उघडली. दोनशेच्या वर गोटे मोहाखाली मांडले. फरशी नव्हती.

"नमुने कोण आणतो?"

"हा. दुधराम."

मोठ्या साहेबांनी दुधरामकडे पाहिलं. दुधरामला वाटलं, आता विचारलं की सांगून टाकावं. एवढ्यात धाकटे साहेब म्हणाले, "तो विश्वासाचा माणूस आहे सर. चिठ्ठ्या मी स्वतः लावतो. त्या दिवशी मी घाईत होतो. चूक माझीच असणार."

दुधराम गोटे परत तणसात भरू लागला.

"आणि चित्रं घाईत काढत नाही ना तुम्ही?" मोठे साहेब म्हणाले. "माणसाला जे हवं असतं, ते खडकात दिसायला लागतं. मीही तरुण होतो."

दोघे खाणीवर गेले. मागे कावड घेऊन दुधराम. ती कड आता नव्हती. दोन महिन्यांत गिट्टीवाल्यांनी सगळा थर फोडून रेल्वेच्या वाघिणींत भरला होता. मोठ्या साहेबांनी वही मागितली आणि फरशीच्या चित्राशेजारी लाल पेन्सिलने इंग्रजीत काही शब्द लिहिले. काय लिहिलं ते दुधरामला वाचता आलं नाही. धाकट्या साहेबांची मान मात्र खाली गेलेली त्याने पाहिली.

तो भरदुपारी घरी आला. शामकला अंगणात धुरपताला तेल लावत होती. त्याने सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. हात थांबला नाही.

"मंग आता काय कराचं म्हनता?"

"सांगतो साहेबाले. गोटा काढून देतो."

आता हात थांबला. "अजी, डोकं हाय का तुमचं ठिकानावर? देल्लेला गोटा काढाचा? हिचा गोटा?"

"त्याची नोकरी जाईन व."

"त्याची नोकरी जाईन, तो दुसरी पाह्यन. शिकेल मानूस हाय. मी दोन पोरं बोडीच्या पारीवर पुरली. मले तिसरं नाई पुराचं." तिने मुलीला पदराखाली घेतलं. "आन् सांगाचं होतं तं तवाच सांगाचं होतं. आता सांगून तुमी मोकळे व्हान. माह्या पोरीचं कोन पाह्यन?"

दुधराम उठला आणि घाटाकडे गेला. महाशिवरात्र नुकतीच होऊन गेली होती. यात्रेहून परतणाऱ्यांनी आपापले गोटे वाहिले होते. ढीग छातीपर्यंत आला होता. फरशी कुठे दिसत नव्हती. त्याने अंदाज केला, वरचे पन्नास-साठ गोटे काढावे लागतील. म्हणजे पन्नास-साठ घरांचे. त्याने एकावर हात ठेवला. उन्हाने तापला होता. मग हात काढून घेतला आणि खाली आला.

पंधरा दिवसांनी तंबू उठले. रोज सकाळी दुधराम ठरवायचा, की आज सांगू. आणि रोज साहेब त्याच्याशी आधीसारखंच बोलायचे. रागावले असते तर बरं झालं असतं. ते स्वतःवरच रागावलेले होते. एकदा भैय्यालालजवळ म्हणाले, "मला आता वाटायला लागलंय, की मी ते पाहिलंच नव्हतं." भांडी घासायला राख काढत असलेल्या दुधरामने ते ऐकलं. पुढे कित्येक वर्षं त्याच्या कानात राहिलं ते हेच वाक्य. माणसाच्या हातून वस्तू गेली तर ती दुसरी मिळते. यांचा डोळ्यांवरचा भरवसाच त्याने काढून घेतला होता.

निघताना साहेबांनी त्याला इंग्रजीत चार ओळींची चिठ्ठी दिली. साहेब गाडीत बसल्यावर भैय्यालालने वाचून दाखवली. "सुन ले. लिखा है, ये आदमी मेहनती है, होशियार है, और पूरा ईमानदार है. ऊपर से 'पूरा' लिखा है, समझा? जिंदगी भर काम आएगी. संभाल के रख!"

शामकलाने ती पत्र्याच्या पेटीत ठेवली. दुधरामने तिला पुन्हा हात लावला नाही.

त्या वर्षीपासून त्याचं डोंगरात फिरणं सुरू झालं. धान चुरून झालं की लोक खाणीवर जात, हा नाल्यानाल्याने. हातोडी नव्हती, घरचा घण होता. खडक फोडायचा, तुकडा जिभेने ओला करायचा, बघायचा. पातळ रेघांचा थर कुठे दिसतो का ते शोधायचा. एक थर खाणीत होता तर त्याचा भाऊ कुठेतरी असेलच, असं त्याचं साधं गणित होतं. भंडारा जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, टोल्याच्या शाळेवर नवी पाटी लागली, हा आपला नाल्यात. मनिराम विचारायचा, "काऊन बा, धन शोधून राहिला का?" हा घण उचलून पुढे निघे. धुरपता रांगू लागली, चालू लागली, बापाच्या मागे बोडीपर्यंत धावू लागली. तिला हसताना पाहून दुधरामला आनंद व्हायचा आणि लगेच एकशे बारा आठवायचा. असा निव्वळ आनंद त्याला तिच्याकडे बघून एकदाही मिळाला नाही. ही फिर्याद तो कोणाकडे करणार?

१९५९ च्या एप्रिलमध्ये, तीन कोसांवरच्या एका ओढ्याच्या कोरड्या पात्रात, त्याला तो थर दिसला. रेघा तशाच पातळ. त्याने पोटावर पडून वीतवीत पाहिलं. तिसऱ्या दिवशी गोळा सापडला. खालच्या रेघा दबलेल्या. एक नव्हे, चार-पाच. त्याने घण उचलला नाही. मोठ्या साजाच्या झाडापासून पावलं मोजली, एकशे अठ्ठ्याऐंशी. आणि जागेवर काट्या टाकून घरी आला.

त्याच वर्षी डिसेंबरात बोडीकाठी पुन्हा तंबू आले. नकाशा तपासायला नवे साहेब आले होते. दुधरामच्याच वयाचे, बोलायला चोख. शामकलाने दुधरामला न विचारता पेटीतली चिठ्ठी काढली आणि स्वतः नेऊन त्यांच्या हातात दिली. साहेबांनी वाचली आणि म्हणाले, "बोलवा त्याला." कावड पुन्हा दुधरामच्या खांद्यावर आली.

चौथ्या दिवशी त्याने साहेबांना साजाच्या झाडापाशी नेलं, एकशे अठ्ठ्याऐंशी पावलं चालला आणि काट्या बाजूला केल्या. नवे साहेब गुडघ्यावर बसले. त्यांनी छिन्नीने फरशी काढली, उन्हात धरली.

"हे तुला कसं कळलं?"

"आधीच्या साहेबानं दाखवलं होतं जी. खानीवर. असंच."

"त्यांनी?" साहेबांनी झोळीतून जुनी वही काढली. दुधरामने ती ओळखली. चित्राशेजारची लाल पेन्सिल तशीच होती. "इथे लिहिलंय, 'नमुन्याचा आधार नाही'. आमच्याकडे सगळे समजतात, की त्यांनी मनाने काढलं. आता त्यांना विहिरींच्या कामावर टाकलंय. पाणी कुठे लागेल ते सांगत गावोगाव हिंडतात. नकाशाचं काम पुन्हा दिलं नाही." त्यांनी फरशी कागदात गुंडाळायला घेतली. "त्यांचा तर्क बरोबर निघाला म्हणायचं. नशीबवान. न पाहता खरं बोलले."

"पाहलं होतं जी."

"काय?"

"त्यायनं पाहलं होतं. गोटा होता. म्या ठेवला."

मग त्याने सांगितलं. खाणीची कड, मनिरामचा निरोप, सालई, ढीग, नाल्यातला गोटा, त्यावर काढलेला आकडा. काही लपवलं नाही आणि मुलीचं कारण पुढे करून स्वतःला वाचवलंही नाही. साहेबांच्या हातातली सुतळी सुटून पडली.

"चार वर्षं गप्प बसलास? त्या माणसाचं काय झालं, कळतं का तुला?"

"कळते जी."

"मग आता कायले सांगतोस?" रागाच्या भरात साहेबांच्या तोंडून टोल्याची बोली निघाली.

दुधराम खाली बघत होता. "तुमी म्हनलं न पाहता बोलले. ते आयकवलं नाई."

संध्याकाळी तंबूपुढे साहेबांनी कागद घेतला आणि त्याचा जबाब लिहिला. शामकला धुरपताचा हात धरून लांब मोहाच्या बुंध्याशी उभी होती. तिला सगळं ठाऊक होतं. ती आडवी आली नाही. मुलीला मात्र तिने घट्ट धरलं होतं. मनिराम आणि टोल्यातले चार-सहा जण जमले होते. साहेबांनी लिहिलेलं वाचून दाखवलं: अमुक तारखेस वरील नमुना घाटातून आणताना हमालाच्या हातून हरवला, व...

"जी, थांबा."

"काय?"

"हरवला नाई. म्या ठेवला. तसंच लिवा."

"अरे, अर्थ तोच होतो. तुझ्याच बाजूने लिहिलंय."

"नाई जी. हरवला म्हनलं तं त्यायलेही वाटन का हरवला. त्यायचा काई हरवला नव्हता. त्यायचं बरोबर होतं. म्या जानून ठेवला आन् जानून दुसरा भरला. नंबर बी मीच काढला, हे बी लिवा."

साहेबांनी ओळ खोडली आणि नव्याने लिहिली. दुधरामने खाली सही केली.

"हा कागद त्यांच्याकडे आणि नागपूरला, दोन्हीकडे जाईल," साहेब म्हणाले. "त्याने काय होईल ते मी सांगू शकत नाही. चार वर्षं गेलेली आहेत." मग कावडीकडे बोट करून म्हणाले, "आणि हे बघ. उद्यापासून नमुने मनिराम आणेल. तुझ्याकडे नाही देणार."

"बरोबर हाय जी."

"वाट तेवढी दाखवायला ये."

सकाळी मनिरामने कावड खांद्याला लावली. एरवी त्याची जीभ गप्प बसत नसे. त्या दिवशी त्याने एकही टोमणा मारला नाही. दुधराम पुढे झाला. कोणत्या नाल्यात खडक उघडा आहे, कुठल्या कड्याखाली सावली आणि पाणी आहे, सगळं त्याला माहीत होतं. तो रिकाम्या हातांनी चालत होता आणि मागे गोटा कावडीत पडल्याचा आवाज आला, की दर वेळी वळून बघत होता.